चौकशीची म्हैस

रविवारी दुपारी चार वाजता बेळगावच्या खडेबाजारातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात रूपालीला भेटायचं, एवढंच मष्णूला करायचं होतं. त्याच्या मच्छे गावाहून खडेबाजार असा कितीसा लांब! स्प्लेंडरला किक मारायची, शर्टाची इस्त्री मोडू न देता जायचं, बसायचं, दोन आइस्क्रीम सांगायची. पण शनिवारी संध्याकाळी सलूनमध्ये, वस्तरा अगदी गळ्याशी असताना, त्याच्या मनात आलं, की भेटायच्या आधी मुलीची थोडी चौकशी केलेली बरी.

असे विचार माणसाच्या मनात येतात. ते येऊ द्यावेत आणि जाऊ द्यावेत. मष्णूनं तो धरून ठेवला.

आमच्याकडे चौकशी हा लग्नाइतकाच जुना विधी आहे. सोयरिकीचं बोलणं निघालं की घरातला एक पोक्त माणूस काहीतरी निमित्त काढून मुलीच्या गावाला जातो. मुलीच्या घरी मात्र जात नाही. टपरीवर, डेअरीवर, देवळाच्या कट्ट्यावर बसतो आणि पाऊसपाण्याचं बोलत बोलत त्या घराचं सगळं काढून घेतो. मुलीकडचेही असाच एक माणूस मुलाच्या गावाला धाडतात. (कधी कधी या दोघांची एकाच बसमध्ये गाठ पडते. तेव्हा दोघंही खिडकीबाहेर बघतात.)

मष्णूच्या घरात पोक्त माणूस उरला नव्हता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुंजीच्या काकांचे गुडघे गेले होते. राहिली आई, रुक्माबाई. आणि आईला त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कारण ही सोयरीक कुणा पाहुण्यानं आणली नव्हती, ती मोबाईलमधून आली होती.

मष्णू मच्छेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, वॉशर, ऑईलसील. वय अडतीस. त्याच्या लग्नाचं बघून बघून पाहुणे दमले, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या कुमारनं एका जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन घेतला आणि त्यात डेटिंगचं ॲप घातलं. फोटो मष्णूचा, पण गॉगल कुमारचा आणि बुलेट कुमारच्या मेव्हण्याची. आवडीनिवडीत कुमारनं लिहिलं : ट्रेकिंग, गिटार, प्रवास.

"गिटार कुठली रं?" मष्णू म्हणाला.

"आण्णा, तिथं सगळ्यांचीच गिटार आस्ती. कोण वाजवून दावा म्हणत न्हाय."

हे ॲप जवळची माणसं दाखवतं. शहरात ते ठीक असेल, पण मच्छेत जवळची माणसं म्हणजे खरोखरच जवळची. पहिल्याच दिवशी त्याला मामेबहीण दिसली. दुसऱ्या दिवशी, पाचशे मीटरवर, अंगणवाडीच्या कमलाबाई. त्याला वाटलं, आपल्याला त्या दिसल्या म्हणजे त्यांना आपण दिसलो नसणार. तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर कमलाबाई हळूच म्हणाल्या, "मष्णूआण्णा, गॉगल शोभतोय हं." दोघांनी तिथंच एकमेकांना शपथ घातली.

आणि मग रूपाली. निपाणीच्या पलीकडं यमगर्णीची, वडील शेतकरी, ती बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये, राहायला टिळकवाडीत मुलींच्या हॉस्टेलवर. वय पस्तीस. आजवर मुली मष्णूला एकच प्रश्न विचारायच्या : नोकरी पर्मनंट आहे का? तो "हो" म्हणायचा, आणि पुढं काही यायचंच नाही. रूपालीनं विचारलं, "स्टोअरमध्ये सगळ्यात जास्त काय हरवतं?"

मष्णूनं खूप विचार करून लिहिलं, "वॉशर."

"का?"

हा दुसरा प्रश्न. मष्णूच्या आयुष्यात बाईमाणसानं त्याला विचारलेला पहिला दुसरा प्रश्न. त्यानं वॉशर का हरवतात यावर लांबलचक मेसेज लिहिला आणि तिनं तो पुरता वाचला, कारण तिसरा प्रश्न त्यातूनच निघाला. त्या दिवसापासून ही बाई हातची जाऊ नये, एवढी एकच गोष्ट मष्णूला हवी होती. इतकी हवी होती, की त्याला तिची भीती वाटू लागली. त्यात कुमार म्हणाला, "आण्णा, जपून. फोटो बाईचा आस्तोय आन मागं दाढीवाला बाप्या बसलेला आस्तोय." मग वस्तरा, मग तो विचार.

रविवारी सकाळी तो इस्त्रीचा आकाशी शर्ट घालूनच निघाला. (यमगर्णीहून परस्पर खडेबाजारात. वेळेचा हिशेब चोख होता.) आईला सांगितलं, "ओव्हरटाइम हाय." हायवेनं जाताना त्यानं निमित्तही ठरवून ठेवलं. म्हैस बघायला आलोय म्हणायचं. खेड्यात म्हशीची चौकशी करणाऱ्या माणसाचा कुणाला संशय येत नाही, आणि म्हशीवरून घरावर यायला वेळ लागत नाही.

यमगर्णीत स्टॉपजवळच्या टपरीवर तो बसला. चहा सांगितला. पाऊसपाण्याचं बोलला. मग सहज म्हणावं तसं म्हणाला, "हितं कुणाची दुभती म्हस हाय का इकायची?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक धोतरातले गृहस्थ बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मष्णूच्या इस्त्रीकडं एकदा, बुटांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "हाय की. माझीच हाय. चला."

"न्हाय म्हंजे, आज नुसतं..."

"बघायला काय पडतंय व्हय? चला, चला."

गृहस्थांचं नाव चंद्रप्पा. त्यांच्यामागून चालताना मष्णू मनाशी म्हणत होता, काही हरकत नाही, म्हैस बघू, नको म्हणू, आणि याच गृहस्थांना रूपालीच्या घरचं विचारू. घराच्या पुढच्या सोप्यात शिरला, घोंगडीवर बसला आणि समोरच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवर पदवीचा काळा झगा घालून, हातात गुंडाळी धरून, रूपाली हसत होती.

मष्णू उठायला गेला आणि पुन्हा बसला. चौकशीचा पहिला नियम मुलीच्या घरी जायचं नाही, आणि हा नेमका तिच्या बापाच्या घोंगडीवर बसलेला. पण मनात कुठंतरी गारवाही पसरला. म्हणजे दाढीवाला बाप्या नाही. बाई खरी आहे. फोटोतल्यापेक्षा भिंतीवर जास्तच खरी आहे.

"ह्या कोण?" त्याच्या तोंडून गेलंच.

"थोरली पोरगी आमची. बेळगावात आस्ती."

"शिक्षण?"

"बीएस्सी. लॅबमदी हाय. रक्त काढती."

"आन स्वभाव?"

चंद्रप्पांनी त्याच्याकडं जरा बघितलं. मग मांडी नीट घातली आणि सांगू लागले. "स्वभावाचं काय सांगू तुमास्नी! पयला पाहुणा बघायला आलता, तवा ही तेवीस वर्साची. त्यो म्हणला, पोरी, जरा चालून दाव. ही म्हणली, आदी तुमच्या पोराला चालू दे, मग मी चालती. पोरगं उठलं, उंबऱ्याला आडाखलं, पडलं. हिनंच उचललं त्येला. वर गुडघ्याला हळद लावून धाडलं."

मष्णूला इतका आनंद झाला, की आपण म्हैस बघायला आलोय हे तो साफ विसरला. रूपालीच्या आईनं चहा आणि चुरमुरे आणले. चंद्रप्पांनी हळूच विचारलं, "तुमच्या घरात कोण कोण आस्तंय?"

इथं मष्णू सावध झाला. बिनलग्नाचा म्हणालो तर डाव उघडा पडेल. तेव्हा तो अगदी पोक्तपणानं म्हणाला, "बायको हाय. दोन पोरं."

"नावं काय म्हणलासा?"

"साईराज. आन... ओमकार."

"कितवीला हाईत?"

"थोरला तिसरीला. आन धाकटा बी... तिसरीलाच."

"जुळी व्हय?"

"न्हाय," मष्णू म्हणाला, आणि चंद्रप्पांच्या भुवया वर गेलेल्या बघून, "म्हंजे, व्हय."

"गाव?"

"खानापूर."

त्यानंतर गोठ्यात जाणं आलं. म्हैस काळीभोर होती, शिंगं मागं वळलेली, नाव गंगी. मष्णूला म्हशीतलं एवढंच कळत होतं, की ती गाय नाही. तो तिच्याभोवती एक फेरी मारून लांबूनच "छान" म्हणाला, आणि पुन्हा सोप्याच्या दाराकडं बघू लागला, कारण तिथून भिंतीवरचा फोटो अर्धा दिसत होता. चंद्रप्पांनी भाव सांगितला.

नको कसं म्हणायचं? चहा प्यालाय, चुरमुरे खाल्लेत. उद्या हाच माणूस सासरा झाला, तर म्हणेल, आमची म्हैस बघून तोंड फिरवून गेलेलं पोरगं ते हेच. मष्णू फोटोकडं बघत म्हणाला, "चालतंय की."

"चालतंय?" चंद्रप्पांनी पुन्हा विचारलं.

"चालतंय."

चंद्रप्पांनी लगेच पुतण्याचा छोटा हत्ती टेम्पो बोलावला. मोबाईल काढला, मष्णूला म्हशीचं दावं हातात धरायला लावलं आणि दोघांचा फोटो काढला. "आमच्यात जनावर गेलं की घरच्या ग्रुपवर टाकतावं," ते म्हणाले. "हसा जरा." मष्णू हसला. गंगी हसली नाही.

आता अडचण अशी, की टेम्पोत म्हशीपाशी कुणीतरी उभं राहायला हवं. तेव्हा स्प्लेंडर, पैसे चुकते होईपर्यंत, चंद्रप्पांच्या अंगणातच राहिली आणि मष्णू आकाशी शर्टात, छोट्या हत्तीच्या हौद्यात, गंगीच्या मानेला धरून हायवेला लागला. संकेश्वर येईपर्यंत तिनं त्याच्या उजव्या बुटावर पाय दिला होता. पुढं डाव्या. शेपटीनं शर्टावर जे रंगकाम केलं, त्याचं वर्णन मी इथं करत नाही. ड्रायव्हर गाडी वीसच्या वर नेईना. "आण्णा, म्हस बिथरती," म्हणायचा.

चार वाजले तेव्हा ते बेळगावच्या बरेच अलीकडं होते. मष्णूनं एका हातानं म्हैस आणि दुसऱ्या हातानं फोन धरून मेसेज लिहिला : "क्षमस्व. अचानक एका पाहुण्यांना दवाखान्यात न्यावं लागत आहे. आजची भेट पुढे ढकलावी ही विनंती."

पाठवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळालेली एकुलती एक बाई, आणि पहिल्याच भेटीला आपण खोटं बोलून गैरहजर. उत्तर लगेच आलं.

"काळजी घ्या. पाहुण्यांना वैरण घातली का?"

मष्णूनं तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. फोन आपोआप भलतेच शब्द घालतो हे त्याला माहीत होतं. पण आपोआप नेमकी वैरणच कशी आली, हे काही त्याला कळेना.

मच्छेत गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला तेव्हा दिवेलागण होत होती. आधी पोरं जमली, मग बायका, मग कमलाबाई. "अगं बया, मष्णूआण्णा ओव्हरटाइमहून म्हस आणलेत!"

रुक्माबाई दारात आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. नवं जनावर दारात आलं, की पायांवर पाणी ओततात, कपाळाला हळदकुंकू लावतात, तुकडा ओवाळून टाकतात. मष्णूला आश्चर्य वाटलं, की आईला आधीच कसं कळलं. तेवढ्यात आईच्या मागून हळदकुंकवाचा करंडा घेऊन रूपाली बाहेर आली.

गंगीनं तिला बघितलं, असा काही हंबरडा फोडला की गल्लीतली कुत्री गप्प झाली, आणि मष्णूला दाव्यासकट ओढत ती थेट रूपालीपुढं जाऊन उभी राहिली. रूपालीनं आधी म्हशीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, तिची मान खाजवली. मग मष्णूकडं वळली.

"पाहुण्यांना दवाखान्यातनं लवकर सोडलं म्हणायचं."

मष्णूनं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"आन एकटंच आलासा? वहिनी कुठं हाईत? आन जुळी पोरं?"

"कसली वहिनी?" रुक्माबाई लटक्या रागानं ओरडल्या. "मुडद्या, लगीन कवा केलास रं तू? मला न सांगता?"

"आई, न्हाय गं..."

"आन दोन पोरं बी तिसरीला गेली!"

गल्ली हसून हसून वाकली. रूपालीनं मोबाईल पुढं धरला. त्यात मष्णू आणि गंगी, आणि खाली बापानं लिहिलेलं : 'गंगीचे नवे मालक. खानापूर. बायको, दोन जुळी मुले, तिसरीला. माणूस सरळ वाटला.'

मग सगळा उलगडा झाला. रूपालीनंही त्याच रविवारी चौकशी करायची ठरवली होती. फरक इतकाच, की तिनं म्हैस, बोअर, रस्ता चुकला असलं काही निमित्त काढलं नाही. ती सकाळी मच्छेत उतरली, पहिल्याच दळणाच्या गिरणीत गेली आणि मोठ्यानं विचारलं, "हितं मष्णू नावाचे कोण आस्त्यात? मला त्यांच्यासंगं लग्न करायचं का न्हाय ते बघायचं हाय." गिरणीत ज्वारी घेऊन बसलेल्या रुक्माबाईच होत्या. त्यांच्या हातातलं सूप गळून पडलं. पाच मिनिटांत रूपाली त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर होती, आणि दुपारी तिच्या फोनवर मष्णूचा फोटो येऊन पोचला तेव्हा दोघी मिळून शेंगा सोलत होत्या.

(एवढी सरळ चौकशी आमच्या भागात आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. गिरणीवाला अजून सांगतो, की त्या दिवशी त्यानं जोंधळ्यात गहू दळले.)

"मग," मष्णू मान खाली घालून म्हणाला, "आईनं काय काय सांगितलं?"

"सगळं. बुलेट तुमची न्हवं. गॉगल तुमचा न्हवं. ट्रेकिंग म्हंजे डोंगरावरच्या जत्रेला गेलतासा आन अर्ध्यातनं परत आलासा."

"गिटार?"

"गिटार!" रुक्माबाई म्हणाल्या. "भजनात ह्येच्या हातातला टाळ काढून घेत्यात."

मष्णूला वाटलं, आता इथून टेम्पोत बसावं आणि गंगीच्या जागी आपणच परत यमगर्णीला जावं. कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सगळ्यांना कळत होतं, की हे आता नुसतं हसण्यावारी राहिलेलं नाही.

"एक सांगा," रूपाली म्हणाली. "गेल्या वर्षी आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालतं, वाकायचं न्हाय म्हणून सांगितलं हुतं, तवा म्हैनाभर त्यांची वेणी कोण घालत हुतं?"

"मी," मष्णू पुटपुटला.

"वाकडी घालायचा," रुक्माबाई म्हणाल्या. "पर रोज घालायचा. कामाला जायच्या आदी."

"मग ते लिवायचं सोडून गिटार कशापायी लिवलासा?" रूपाली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. मग तिनं शर्टाकडं बघितलं आणि पदर नाकाला लावला. "आंघोळ करून या. आइस्क्रीम ऱ्हायलंय."

त्या रात्री आइस्क्रीम झालं की नाही हे मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून गंगीनं आपला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. धार काढायला बसलं की ती मागच्या डाव्या पायानं असा नेम धरून लाथ मारायची, की तांब्या एकीकडं आणि मष्णू दुसरीकडं. रुक्माबाईंना तिनं जवळ येऊ दिलं नाही, कमलाबाईंना कुंपणापर्यंत पोचवलं. रूपाली मात्र लॅबला जायच्या आधी येऊन पाच मिनिटांत चरवी भरून उठायची. मष्णू लांब उभा राहून बघायचा. कारखान्यात इतके फोरमन त्यानं पाहिले होते, पण असा हुकूम कुणाचा चालताना त्याला दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी मष्णू आईला आणि रूपालीला घेऊन रीतसर यमगर्णीला गेला. मनातली बोच काढून टाकावी म्हणून घोंगडीवर बसायच्या आधीच त्यानं चंद्रप्पांचे पाय धरले.

"आप्पा, मी तुमास्नी खोटं बोललो. मला बायको न्हाय, पोरं न्हाईत, मी खानापूरचा बी न्हवं. मी म्हस बघायला आलतोच न्हाय. पोरीची चौकशी करायला आलतो."

"ठावं हाय की," चंद्रप्पा म्हणाले. "टपरीवरच ठावं हुतं. इस्त्रीचा शर्ट घालून म्हस बघायला कोण येतंय? वर म्हशीकडं पाठ करून फोटो बघायला लागलासा. म्हणून तर तुमचा फोटो पोरीला धाडला, तिनं बी बघावं म्हणून."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"आवो, बारा वर्सं झाली, चौकशीची माणसं येत्यात माझ्या दारात. एक गूळ बघायला आला, त्येला दोन शेळ्या दिल्या. एक बोअरचं पाणी बघतो म्हणला, त्येला जुना पंप दिला. एकानं नांगर नेला, त्येला तर शेतीच न्हवती." चंद्रप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "खरं गिऱ्हाईक भाव करतंय. चौकशीचा पाहुणा काय बी म्हणा, चालतंय म्हणतोय."

रुक्माबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. रूपाली हसणं दाबायला भिंतीकडं तोंड करून उभी होती. मष्णूनं हळूच दंडावरचा निळा डाग चोळला.

"आप्पा, मग ती लाथ मारती ह्ये तरी सांगायचं हुतं."

"इचारलासा कुठं?" चंद्रप्पा म्हणाले. "शिक्षण इचारलासा, ते खरं सांगितलं."